नवी डिस्क लिहिताना रखडते, म्हणजे ती खराबच का?

सांगलीकडच्या एका फोटोग्राफरांनी विचारलं आहे: "लग्नाच्या कामांचा बॅकअप ठेवायला ८ टीबीची नवी एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतली. पहिल्या दिवशी कॉपी करताना सेकंदाला १८० एमबीचा वेग दिसत होता. महिन्याभराने जुनी फोल्डरं उडवून नवी टाकायला घेतली, तर वेग १०-१५ वर आला, मधेच शून्य. दुकानदार म्हणतो, तपासली, ठीक आहे. मित्र म्हणतो, हल्ली क्षमता वाढवायच्या नादात चुंबक पातळ घालतात, जुनी २ टीबीचीच डिस्क चांगली होती. परत करू का? की लेसरवाल्या नव्या डिस्क आल्यात म्हणे, त्यांच्यासाठी थांबू? त्या लेसरनं डेटा जळणार नाही ना?"

मी पुण्यात डेटा रिकव्हरीचं काम करतो. बंद पडलेल्या डिस्क उघडणं, हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) बदलणं, फर्मवेअर (डिस्कच्या आतला तिचा स्वतःचा प्रोग्राम) दुरुस्त करणं हाच रोजचा उद्योग. तुमच्या वर्णनाची डिस्क आमच्याकडे "बिघडलेली" म्हणून सर्रास येते आणि बहुतेक वेळा ती बिघडलेली नसते. तुमचा खरा प्रश्न "डिस्क खराब आहे का" असा नाहीच. "या जातीची डिस्क माझ्या कामाच्या पद्धतीला मानवते का" असा आहे. दुकानदाराची तपासणी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, दुसऱ्याचं नाही. म्हणून तो खरं बोलूनही तुमचं समाधान होत नाही.

तरी अंदाजावर निकाल द्यायला नको. आधी खरा बिघाड वगळा. डिस्कवरची एखादी मोठी व्हिडिओ फाइल उलट कॉम्प्युटरवर कॉपी करून बघा. वाचताना वेग स्थिर आणि फक्त लिहिताना कोलमडतो, तर बहुधा डिस्कची जातच तशी आहे. वाचतानाही अडखळत असेल, टक-टक आवाज येत असेल, तर तिथेच थांबा आणि डेटा दुसरीकडे हलवा. दुसरं, क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्राममध्ये स्मार्टची यादी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघा. ०५, सी५ आणि सी६ या ओळींत आकडे वाढत असतील तर प्लॅटरवरचे (आतल्या फिरत्या तबकडीवरचे) सेक्टर, म्हणजे साठवणीचे छोटे तुकडे, जाताहेत. फक्त सी७ वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केबल आणि जोडणी तपासा. आणि त्याच प्रोग्राममध्ये, फिरत्या हार्ड डिस्कपुढे "ट्रिम" ही सुविधा दाखवत असेल, तर ती एसएमआर जातीची आहे (ही जात काय ते पुढे येईल) असं जवळजवळ नक्की समजा. ट्रिम ही मुळात एसएसडीची, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपवाल्या डिस्कची भानगड. फिरत्या डिस्कला तिची गरज का पडावी, हे कळलं की तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळतील. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

चुंबकावर काही नोंदवून ठेवायची कल्पना कॉम्प्युटरपेक्षा बरीच जुनी. डेन्मार्कच्या वाल्डेमार पॉल्सेनने १८९८ मध्येच पोलादी तारेवर आवाज मुद्रित केला होता. कॉम्प्युटरची पहिली हार्ड डिस्क मात्र १९५६ ची. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या गटाने रॅमॅक या यंत्रासाठी ती बनवली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, त्यांवर लोखंडाच्या ऑक्साइडचा रंग, मिनिटाला १२०० फेरे, वजन टनाच्या घरात आणि एकूण साठवण ५० लाख अक्षरांची. आजच्या हिशेबात पावणेचार एमबीच्या आसपास. तुमच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल ठेवायला अशी सात-आठ कपाटं लागली असती.

त्या तबकडीवर एका चौरस इंचात २००० बिट मावत. म्हणजे एका बिटला सुमारे ०.३२ चौरस मिलिमीटर जागा. आजच्या डिस्कवर चौरस इंचात एक लाख कोटी बिट आणि त्याहूनही जास्त मावतात. म्हणजे एका बिटच्या वाट्याला जेमतेम ६४५ चौरस नॅनोमीटर. जवळजवळ पन्नास कोटी पटींचा फरक! एवढं अंतर कापताना अडचण दर वेळी तीच होती. फक्त तिच्यावरचे उपाय बदलत गेले.

पहिली अडचण अंतराची. हेड पृष्ठभागापासून जितकं दूर, तितकं त्याचं चुंबकीय क्षेत्र पसरट आणि बिट मोठा. रॅमॅकमध्ये हेड दाबाखालच्या हवेने सुमारे २० मायक्रॉनवर उचलून धरलेलं असे. १९६१ च्या आयबीएम १३०१ मध्ये तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेवरच हेड तरंगू लागलं. १९७३ मध्ये केन हॉटन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या ३३४० मॉडेलने, म्हणजे प्रसिद्ध "विंचेस्टर"ने, हेड हलकं केलं, तबकडीला वंगणाचा थर दिला आणि थांबताना हेडला तबकडीवरच उतरू दिलं. हेड आणि तबकड्या एकाच बंद डब्यात गेल्या. आजची तुमची डिस्क त्याच घराण्यातली. आता वाचता-लिहिताना हेड आणि पृष्ठभाग यांच्यात १-२ नॅनोमीटरचीच फट राहते. म्हणूनच "घरी स्क्रू काढून आत फक्त बघितलं" असं सांगत कुणी डिस्क आणली की माझं अर्धं अवसान गळतं.

दुसरी अडचण वाचण्याची. बिट लहान झाला की त्याचं क्षेत्रही क्षीण. जुनी हेडं तारेच्या वेटोळ्यात निर्माण होणाऱ्या विजेवर चालत. १९९० च्या सुमारास आयबीएमने चुंबकीय क्षेत्रात ज्याचा विद्युतरोध बदलतो असा पातळ थर वाचायला वापरला आणि वाचणारं हेड लिहिणाऱ्यापासून वेगळं झालं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. त्याच सुमाराला भौतिकशास्त्रात एक मोठी गोष्ट घडून गेली होती. १९८८ मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पेटर ग्रुनबर्ग यांना, एकमेकांना नकळत, असं दिसलं की लोखंड आणि क्रोमियमचे अणूंच्या जाडीचे थर एकावर एक रचले तर विद्युतरोधातला हा बदल फारच मोठा होतो. त्याला जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स म्हणतात, आणि दोघांना २००७ चं नोबेल मिळालं. फेर यांच्या प्रयोगात अतिशीत तापमानाला रोध जवळजवळ निम्म्यावर आला होता. पण प्रयोगशाळेतली ती थर रचायची पद्धत अतिशय मंद आणि महाग. आयबीएमच्या अल्मडेन केंद्रातल्या स्टुअर्ट पार्किन यांनी कारखान्यात वापरता येईल अशा स्पटरिंगने (धातूचे अणू उडवून थर बसवण्याच्या पद्धतीने) तोच परिणाम मिळवून दाखवला, आणि १९९७ च्या अखेरीस १६.८ जीबीची पहिली तशी डिस्क बाजारात आली. शोधापासून दुकानापर्यंत नऊ-दहा वर्षं! मूलभूत संशोधन इतक्या लवकर घरोघरी पोचल्याची उदाहरणं फार नाहीत. त्यानंतरच्या टनेल पद्धतीच्या (अतिपातळ विद्युतरोधी थरातून इलेक्ट्रॉन पार होण्यावर चालणाऱ्या) हेडला पाया मिळाला तो १९९५ मध्ये, एमआयटीतले मूळचे भारतीय जगदीश मूदेरा आणि जपानचे मियाझाकी यांनी खोलीच्या तापमानाला केलेल्या प्रयोगांतून. आज तुमच्या डिस्कमधलं वाचणारं हेड याच जातीचं आहे.

वाचणं सुटलं. खरी गाठ बसली ती लिहिण्यात, आणि तुमचा प्रश्न तिथलाच आहे.

प्लॅटरवरचा चुंबकीय थर सलग नसतो. कोबाल्टच्या मिश्रधातूचे ७-८ नॅनोमीटरचे कण एकमेकांपासून जरा अलग बसवलेले असतात आणि एक बिट म्हणजे अशा काही कणांचा पुंजका. पुंजक्यात कण पुरेसे असले तर दोन बिटांमधली सीमा स्वच्छ वाचता येते, कमी झाले की खरखर वाढते. म्हणून बिट लहान करायचा तर कणही लहान करावे लागतात. पण कण फार लहान झाला की खोलीतल्या साध्या उष्णतेनेच त्याची चुंबकीय दिशा आपोआप उलटू शकते. म्हणजे लिहिलेलं आपणहून पुसलं जाणार. यावर उपाय म्हणजे कण अधिक हट्टी पदार्थाचा करायचा, सहजी दिशा न बदलणारा. पण हट्टी कणावर लिहायला हेडचं क्षेत्र जोरदार हवं, आणि हेड ज्या लोह-कोबाल्ट मिश्रधातूचं बनतं तिची मर्यादा सुमारे २.४ टेस्लाला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) संपते. त्याहून जोरदार पदार्थ हेडसाठी हाताशी नाही. कण बारीक हवा, टिकाऊ हवा आणि लिहिता यायला हवा. या तिन्हींतलं कुठलंही एक ताणलं की उरलेल्यांपैकी एखादं तुटतं.

तुमच्या मित्राच्या "चुंबक पातळ घालतात" या म्हणण्याबद्दल इथेच सांगतो. थर पातळ असतो हे खरं, पण चुंबकीय दृष्ट्या तो जुन्या डिस्कपेक्षा कितीतरी कडक असतो. लिहिणं अवघड झालंय ते म्हणूनच.

१९९० च्या दशकात घनता आधी वर्षाला ६० टक्क्यांनी आणि दशकाच्या शेवटी जवळजवळ दुपटीने वाढत होती. तेव्हाच जाणकार सांगू लागले की ही आता भिंतीवर आदळणार. २००१ मध्ये आयबीएमने दोन चुंबकीय थरांमध्ये रुथेनियमचा तीन अणू जाडीचा थर घालून थोडी मुदत मिळवली. पण मोठी सुटका झाली ती तीस वर्षं जुन्या एका कल्पनेने. जपानमधल्या सेंदाई इथल्या तोहोकु विद्यापीठाचे शुनिची इवासाकी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सांगत होते की बिट तबकडीवर आडवे झोपवण्याऐवजी उभे करा. आडव्या बिटांची सारखी टोकं एकमेकांसमोर येतात आणि परस्परांना ढकलतात, जितके जवळ तितके अस्थिर. उभे शेजारी उलट एकमेकांना सावरतात. शिवाय खाली मऊ चुंबकीय थर घातला की हेडचं क्षेत्र त्या थरातून परत फिरतं, आणि नोंदीचा थर जणू हेडच्या फटीतच येतो. त्यामुळे आधीपेक्षा जोरदार क्षेत्र मिळतं आणि हट्टी पदार्थ वापरता येतो.

मग इतकी वर्षं कुणी हात का लावला नाही? कारण आडवी पद्धत दर वर्षी सुधारतच होती, आणि चालता कारखाना बदलायची हौस कुणाला असते? २००५ मध्ये तोशिबाने संगीत वाजवणाऱ्या छोट्या उपकरणांसाठी १.८ इंची डिस्क उभ्या पद्धतीने काढली, एका तबकडीवर ४० जीबी. वर्ष-दोन वर्षांत सगळेच तिकडे वळले. २००७ मध्ये हिताचीची १ टीबीची डिस्क आली. तुमची जुनी २ टीबीची डिस्क याच सुखाच्या काळातली असणार. तिच्यात प्रत्येक ट्रॅक (तबकडीवरची बिटांची गोल ओळ) स्वतंत्र, कुठेही, केव्हाही, कितीदाही लिहा. या जातीला आता सीएमआर म्हणतात. हे नाव द्यायची गरजच दुसरी जात आल्यावर पडली.

ती दुसरी जात म्हणजे एसएमआर. सीगेटने २०१३ पासून ती विकायला घेतली. आता मघाची ती गोष्ट आठवा, वाचणारं हेड वेगळं आणि लिहिणारं वेगळं. वाचणारं हेड अरुंद बनवता येतं. लिहिणारं फार अरुंद केलं तर त्याचं क्षेत्र अपुरं पडतं, हट्टी कण वळतच नाहीत. म्हणून रुंद हेडने ट्रॅक लिहायचा आणि पुढचा ट्रॅक लिहिताना आधीच्याचा काही भाग झाकून टाकायचा. उरलेली अरुंद पट्टी वाचणाऱ्या हेडला पुरते. कौलारू छपरासारखंच, एका कौलावर दुसऱ्याची कड. तेवढ्याच प्लॅटरवर साधारण २० ते २५ टक्के जास्त डेटा बसतो, नवा पदार्थ नको की नवं हेड नको. कंपन्यांच्या दृष्टीने ही जवळजवळ फुकटची क्षमता होती.

किंमत दुसऱ्याच जागी मोजावी लागते. छपराच्या मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली सगळी उचलावी लागतात. इथेही तसंच. मधल्या एका ट्रॅकवर चार केबी बदलायचे तर शेजारचा ट्रॅक पुसला जाणार, त्याचा शेजारीही. म्हणून ट्रॅकचे गट केलेले असतात, अनेक ड्राइव्हमध्ये २५६ एमबीचा एकेक. छोट्याशा बदलासाठी तो गट वाचायचा, बदल करायचा आणि पुन्हा ओळीने लिहायचा. प्रत्येक वेळी हे केलं तर डिस्क वापरताच येणार नाही. म्हणून प्लॅटरवरच थोडी जागा तात्पुरत्या लिखाणासाठी राखतात, क्षमतेच्या फार तर एखाद-दोन टक्के. सुट्टं, विस्कळीत लिखाण आधी तिथे जातं आणि डिस्कला उसंत मिळाली की फर्मवेअर ते हळूहळू कायमच्या जागी मांडतं.

आता तुमचे दोन दिवस समोरासमोर ठेवा. पहिल्या दिवशी डिस्क कोरी होती. मोठ्या फाइली ओळीने येत होत्या, त्या सरळ कायमच्या जागी बसत गेल्या, वेग १८०. महिन्याभराने तुम्ही मधली फोल्डरं उडवलीत. रिकाम्या झालेल्या जागा सगळीकडे विखुरलेल्या. त्यांत नवं टाकायचं म्हणजे अर्धवट भरलेले गट बदलायचे. त्यात फोटोच्या कामात रॉ फाइलींशेजारी हजारो छोट्या एक्सएमपी फाइली (एडिटिंगच्या नोंदींच्या) आणि लघुचित्रं असतात, कॅटलॉगचा डेटाबेस सारखा बदलत असतो. राखीव जागा काही मिनिटांत भरली. मग डिस्क एकीकडे तुमचं नवं घेणार आणि दुसरीकडे जुनं मांडणार, तेही एकाच हेडच्या जोडणीने. वेग शून्यावर दिसतो तेव्हा ती थांबलेली नसते, आत भयंकर राबत असते.

ट्रिमची गरज इथे पडते. तुम्ही फाइल उडवलीत तरी डिस्कला ते कळत नाही, ती ते मेलेले बाइटही इमानेइतबारे हलवत बसते. ट्रिमने ऑपरेटिंग सिस्टिम तिला सांगते की हा भाग आता सांभाळू नकोस. वेगासाठी चांगलंच आहे. पण माझ्या बाजूने हा इशारा नीट वाचा. जुन्या डिस्कवर चुकून उडवलेलं लग्न आम्ही बहुतेक वेळा परत मिळवून देऊ शकतो, कारण नवं लिखाण वर येईपर्यंत जुनं जागेवरच असतं. ट्रिम चालणाऱ्या एसएमआर डिस्कवर उडवल्यावर काही वेळातच डिस्क त्या जागी नुसती शून्यं वाचून दाखवते. प्लॅटरवर बिट कदाचित अजून असतील, पण तिथे पोचायला फर्मवेअरच्या पोटात शिरावं लागतं, खर्च वाढतो आणि दर वेळी यश येत नाही. शिवाय कुठला डेटा कुठल्या गटात हलवला याची डिस्कची स्वतःची जास्तीची नोंदवही असते. मांडणी चालू असताना वीज गेली किंवा केबल ओढली आणि ती नोंदवही बिघडली, तर प्लॅटर ठणठणीत असूनही सगळी डिस्क रिकामी दिसते. अशा डिस्क आमच्याकडे वाढत चालल्या आहेत.

कंपन्यांनी हे सगळं गिऱ्हाइकाला सांगितलं का? सुरुवातीला नीटसं नाही. २०२० मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या, खास नेटवर्क स्टोरेजसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या काही डिस्क गाजावाजा न करता एसएमआर केल्या होत्या. सीगेट आणि तोशिबाच्याही काही साध्या मॉडेलांबद्दल तेच निघालं. अमेरिकेत वेस्टर्न डिजिटलवर ग्राहकांनी सामूहिक दावा लावला, तो २७ लाख डॉलरला मिटला. तेव्हापासून तिन्ही कंपन्या कुठलं मॉडेल कुठल्या जातीचं याच्या याद्या जाहीर करतात. माझं मत विचाराल तर तंत्रात काहीच वावगं नव्हतं. ओळीने लिहायचं आणि क्वचित बदलायचं अशा कामाला ते उत्तम आहे. मोठी डेटा सेंटरं मुद्दाम अशा डिस्क घेतात, पण त्यांचं सॉफ्टवेअर स्वतः ओळीने लिहायची शिस्त पाळतं. आपल्याला मिळते ती जात मात्र ही शिस्त पोटात लपवते आणि वर साध्या डिस्कचा आव आणते.

आता लेसर. उभ्या पद्धतीची ताकद संपत आल्यावर कंपन्यांनी आणखी काही वाटा चोखाळल्या. २०१३ मध्ये एचजीएसटी या डिस्क कंपनीने हवेच्या जागी हेलियम भरलेली ६ टीबीची डिस्क काढली. हेलियमची घनता हवेच्या एक सप्तमांश, त्यामुळे तबकड्या कमी थरथरतात आणि त्याच डब्यात सात बसल्या. ही घनतेतली प्रगती नव्हे, दाटीवाटीची. माझ्यासारख्याला मात्र डोकेदुखी, कारण उघडली की वायू गेला. तोशिबाने २०२१ मध्ये लिहिताना सूक्ष्मलहरींची मदत घेणारी १८ टीबीची डिस्क आणली. पण वर सांगितलेल्या त्रांगड्याला खऱ्या अर्थाने बगल देते ती उष्णतेच्या मदतीने लिहायची पद्धत, हॅमर. तिच्यात कण लोह-प्लॅटिनमचे असतात, इतके हट्टी की खोलीच्या तापमानाला हेड त्यांना हलवूच शकत नाही. म्हणून लिहायच्या क्षणी हेडवरच्या लेसरने काही दहा नॅनोमीटरचा ठिपका ४०० अंश सेल्सियसच्या वर तापवायचा, कण क्षणभर मऊ पडले की दिशा द्यायची, आणि नॅनोसेकंदाच्या हिशेबात ते थंड होऊन पुन्हा हट्टी. प्रकाश इतक्या लहान जागी साध्या भिंगाने एकवटत नाही, त्यासाठी हेडच्या टोकाशी धातूचा सूक्ष्म अँटेना लागतो, आणि तो तापून टिकवणं हीच वर्षानुवर्षांची झटापट होती. सीगेटने चौरस इंचाला एक लाख कोटी बिटांचं प्रात्यक्षिक २०१२ मध्ये दिलं. मोझेक नावाने तबकडीला ३ टीबी देणारी मालिका जाहीर झाली जानेवारी २०२४ मध्ये. २०२५ पासून ३० टीबीच्या अशा डिस्क सुट्ट्या विक्रीतही आल्या.

तेव्हा जळण्याची भीती सोडा. तापणं हा बिट लिहिण्याच्या क्रियेचाच भाग आहे. थंड झालेला कण तुमच्या जुन्या डिस्कमधल्या कणापेक्षा जास्त घट्ट असतो. पण थांबायचं कारणही नाही. लेसर आला म्हणून कौलं गेली असंही नाही, कारण ३० टीबीच्या साध्या मॉडेलबरोबर त्याच तंत्राची ३२ टीबीची एसएमआर आवृत्तीही निघाली आहे. आणि तुमची गरज ८ टीबीची, ती साध्या उभ्या पद्धतीच्या सीएमआर डिस्कमध्ये सहज भागते.

मग परत करायची का? तुम्ही तिच्यावर रोज काम करता की फक्त ठेवता, यावर ते ठरतं. एडिटिंग चालू असलेले प्रोजेक्ट, कॅटलॉग, सतत उडवाउडवी यांसाठी ती कधीच सुखाची होणार नाही. दुकानदार बदलून देत असेल तर थोडे जास्त पैसे घालून सीएमआर मॉडेल घ्या, आणि बिलाआधी मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत बघा, डब्यावरच्या जाहिरातीत नाही. २.५ इंची छोट्या डिस्कमध्ये मोठ्या क्षमतेला सीएमआर शोधत बसू नका. ३.५ इंची, वेगळा अडॅप्टर लागणाऱ्या डिस्कमध्ये बघा. अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणारा रेड (RAID) बॉक्स घ्यायचा विचार असेल तर एसएमआर अजिबात नको. एक डिस्क बदलून तिच्यावर डेटा पुन्हा भरायची वेळ आली की ती इतकी मंदावते की बॉक्स तिला मेलेली समजतो.

देवाणघेवाण संपलेल्या लग्नांसाठी नुसतं कपाट म्हणून वापरणार असाल तर हीच ठेवा. फक्त वापर बदला. एका वर्षाचं काम पूर्ण झालं की एकदाच, एकाच कॉपीच्या रांगेत टाका, दोन खिडक्यांतून एकदम नको. छोट्या फाइलींचे फोल्डर झिप करून टाका. मधलं काही उडवू नका. काठोकाठ भरू नका, दहा-पंधरा टक्के मोकळी राहू द्या. आणि कॉपी संपल्यावर लगेच केबल काढू नका. दिवा लुकलुकत असेल, आत घरघर चालू असेल, तर तासभर तशीच चालू ठेवा, शक्यतो यूपीएसवर, म्हणजे तिची मांडणी पुरी होईल. पूर्ण वेगानेही ८ टीबी भरायला १२ तास लागतात. हे काम रात्रीवर टाकायचं असतं, संध्याकाळी गिऱ्हाईक दारात उभं असताना नाही.

टिकण्याबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण लग्नाचा डेटा आहे म्हणून सांगतो. कपाटातल्या डिस्कवरचं चुंबकत्व दहा वर्षांत उडून गेलं म्हणून आमच्याकडे कुणी येत नाही. येतात ते पडलेली डिस्क, अडकलेला स्पिंडल, गंजलेला सर्किट बोर्ड, उतरलेला हेड यांसाठी. आपल्याकडचा पावसाळा चुंबकापेक्षा जोडण्यांना जास्त छळतो. म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा, वर्षातून दोनदा जोडून काही फाइली उघडून बघा. आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरात. ती दुसरी तुमची जुनी २ टीबीची असली तरी चालेल, निदान चालू वर्षाचं काम तीत मावेल. फक्त आधी तिचं स्मार्ट बघा, कारण ती जातीने चांगली असली तरी वयाने म्हातारी आहे.